खाऊच्या पुडीतला इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरखान्यात बांधून ठेवलेले मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. ही साधने बहुधा टिकावीत म्हणूनच निर्माण झालेली असतात. आपले दान पिढ्यान् पिढ्या लोकांना कळावे अशी राजाची इच्छा, म्हणून त्याने ते तांब्यावर कोरविले. परंतु जी वस्तू टिकावी असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, जी घटकाभर पाहून फेकून द्यायची होती, तीही कधी कधी इतिहासाची साक्षीदार होते. आणि राजदरबारी साधनांनी जे लपविले ते ती निरागसपणे सांगून जाते. आज मी अशाच एका क्षुल्लक वस्तूची हकीगत आपणांपुढे ठेवणार आहे. ती वस्तू म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मुलांना खाऊच्या पुडीतून मिळणारी बेसबॉल खेळाडूंची चित्रकार्डे.

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. क्रिकेटप्रमाणेच त्यातही एकाने चेंडू टाकावयाचा व दुसऱ्याने तो दांडूने टोलवावयाचा, आणि चेंडू टाकणाऱ्याला तेथे पिचर म्हणतात, एवढे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या विषयापुरते पुरे. क्रिकेटने आपल्याकडच्या मुलांना जसे वेड लावले आहे, तसेच त्या खेळाने तेथील मुलांना शंभर वर्षांपूर्वीच लावले होते. सामने पाहायला सर्वांनाच मिळत नसत, आणि घरोघरी रेडिओ यायला अजून अवकाश होता. आपल्या आवडत्या खेळाडूचा चेहरा कसा आहे हे पाहण्याचे मुलाच्या हातातले साधन म्हणजे हे चिमुकले कार्ड. बहुतेक कार्डे दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच लांब, म्हणजे मुलाच्या तळहातात सहज मावतील अशी असत.

या कार्डांचा जन्म मात्र खाऊच्या दुकानात झाला नाही. सन १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिगारेट कारखानदारांनी पाकिटात पुठ्ठ्याचे एक चित्र घालण्याची प्रथा पाडली. पुठ्ठ्यामुळे नाजूक पाकीट चेपत नसे, आणि चित्रांच्या लोभाने गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्याकडे वळत नसे. रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८७ मध्ये ५० नामवंत खेळाडूंची जी चित्रमाला काढली तिच्यात १० जण बेसबॉलपटू होते. पुढे १८९० मध्ये मोठमोठे कारखाने अमेरिकन टोबॅको कंपनी या एकाच छत्राखाली आले. प्रतिस्पर्धीच उरला नाही, तेव्हा चित्रांची लालूच दाखविण्याचे कारणही उरले नाही, आणि कार्डे जवळजवळ बंद पडली. ती जोमाने पुन्हा सुरू झाली १९०९ च्या सुमारास. व्यापारातील चढाओढ हीच या चित्रांची जन्मदात्री, हे सूत्र आपण लक्षात ठेवू. पुढे ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या सिगारेटी ओढीत मोठी माणसे, पण चित्रांचा हव्यास मुलांना. तंबाखूच्या दुकानाबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चित्र मागणारी पोरे हे त्या काळी नेहमीचे दृश्य होते. मिठाई करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट कशी निसटावी? चित्र ज्याला हवे त्याच्याच तोंडाचा पदार्थ आपण विकतो, मग मध्ये सिगारेट कशाला, असा हिशेब त्यांनी मांडला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ऑक्सफर्ड गावच्या ब्राइश-विल्यम्स कंपनीने १९०३-०४ च्या सुमारासच खेळाडूंची छायाचित्रे आपल्या मालाबरोबर दिली होती. त्यानंतर १९०८ ते १९११ या तीन-चार वर्षांत तर अशा कार्डांचा सुकाळ झाला.

या सुकाळाचे माहेरघर पेनसिल्व्हेनिया. तेथे दुभत्या जनावरांची समृद्धी मोठी, आणि त्या दुधापासून कॅरमेल नावाची मिठाई करण्याचे कारखाने गावोगाव. साखरेचा पाक, दूध व लोणी एकत्र आटवून केलेली ही मऊ, चिवट वडी. लँकेस्टर शहरात मिल्टन हर्शी नावाच्या गृहस्थाने १८८६ मध्ये असाच कारखाना काढला आणि १९०० मध्ये तो दहा लाख डॉलरांना अमेरिकन कॅरमेल कंपनीला विकून टाकला. आलेला पैसा त्याने चॉकलेटच्या धंद्यात घातला, आणि पुढे त्याचे नाव जगभर झाले. इकडे अमेरिकन कॅरमेल कंपनीने १९०९ पासून बेसबॉल खेळाडूंची जी रंगीत चित्रमाला काढली, ती आज संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत मोलाची ठरली आहे. लँकेस्टरची स्टँडर्ड कॅरमेल, कॅमडेनची फिलाडेल्फिया कॅरमेल, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजची जॉर्ज क्लोज, बोस्टनची ब्रिग्ज अशा अनेकांनी तिचे अनुकरण केले. बहुतेकांच्या माला २५ किंवा ३० चित्रांच्या असत. कित्येकदा चित्र एकच, पण पाठीमागे नाव निरनिराळ्या मिठाईवाल्यांचे, असाही प्रकार आढळतो. नवीन चित्र काढून घेण्याची ऐपत प्रत्येकाला कोठून असणार?

येथे एका प्रसिद्ध कार्डाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पिट्सबर्ग संघाचा होनस वॅग्नर हा त्या काळचा थोर खेळाडू. सिगारेटबरोबर निघालेल्या १९०९ ते १९११ च्या मालेतील त्याचे कार्ड छापण्यास आरंभ होऊन लगेच थांबले, आणि म्हणून त्याच्या जेमतेम साठेक प्रती उरल्या आहेत. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला रुचले नाही असे एक मत आहे. मोबदल्यावरून बिनसले असे दुसरे. ते काहीही असो, त्याच वॅग्नरचे चित्र अमेरिकन कॅरमेलच्या मिठाईबरोबर मात्र मुलांना मिळत होते. सिगारेटच्या पाकिटातील त्याच्या एका कार्डाला २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलर किंमत आली. मिठाईच्या पुडीतला वॅग्नर त्या मानाने फार स्वस्त आहे. चेहरा तोच, काळ तोच; दुर्मिळता तेवढी वेगळी.

मिठाईच्या या कार्डांत सर्वांत देखणी म्हणून क्रॅकर जॅकच्या कार्डांचे नाव घेतात. क्रॅकर जॅक म्हणजे काकवीच्या पाकात घोळविलेल्या मक्याच्या लाह्या व शेंगदाणे. आपल्या जत्रेतल्या चिक्कीचा हा अमेरिकन चुलतभाऊ शिकागोच्या र्युकहाइम बंधूंनी नावारूपाला आणला. डब्यात मुलांसाठी एखादी भेटवस्तू घालण्याचा प्रघात त्यांनी १९१२ मध्ये सुरू केला, आणि १९१४ मध्ये १४४ व १९१५ मध्ये १७६ खेळाडूंची चित्रे काढली. लाल पार्श्वभूमीवरची ती चित्रे आजही डोळ्यांत भरतात. पण १९१४ ची कार्डे लाह्यांत मिसळून येत असल्यामुळे त्यांच्यावर बहुधा पाकाचे तपकिरी डाग पडलेले असतात. दुसऱ्या वर्षी शंभर कुपने, किंवा एक कुपन व पंचवीस सेंट, पाठविल्यास सबंध माला टपालाने घरपोच मिळण्याची सोय झाली. म्हणून १९१५ ची कार्डे अधिक स्वच्छ सापडतात. एका डागावरून कार्ड मुलाच्या हाती कोणत्या वाटेने आले ते कळते. हे डागही एक प्रकारचे लेखनच आहे. फक्त ते वाचता आले पाहिजे.

याच मालेत फेडरल लीग नावाच्या संघटनेचे खेळाडूही आहेत. दोन बड्या संघटनांना आव्हान देत १९१४ व १९१५ ही दोन वर्षे ती झगडली आणि मोडली. तिचे संघ गेले, मैदाने गेली. खाऊच्या डब्यातील चित्रे राहिली. त्याच मालेत जो जॅक्सन आहे. कापसाच्या गिरणीत वाढलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या या विलक्षण फलंदाजाला १९१९ च्या अंतिम स्पर्धेतील लाचलुचपतीच्या प्रकरणावरून १९२१ मध्ये कायमचे बहिष्कृत करण्यात आले. त्याचे नाव त्या बहिष्कृतांच्या यादीतून निघाले ते २०२५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७३ वर्षांनी. त्या साऱ्या काळात मुलांच्या कार्डांवरचा जॅक्सन मात्र खांद्यावर दांडू घेऊन तसाच उभा होता. खाऊच्या कागदावर बहिष्काराचा हुकूम चालत नाही.

श्रोतेहो, आतापर्यंत आपण देशभर खपणाऱ्या मालाचे पाहिले. आता या विषयाच्या खऱ्या गाभ्याकडे, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या स्थानिक कार्डांकडे वळू.

मिठाईचा लहान कारखानदार आपला माल फार लांब पाठवू शकत नसे. त्याचे गिऱ्हाईक आसपासच्या पाचपन्नास कोसांतले, आणि त्या गिऱ्हाइकाला हवा असे आपल्या गावचा संघ. पिट्सबर्गने १९०९ ची अंतिम स्पर्धा जिंकली, तेव्हा अमेरिकन कॅरमेलने केवळ त्या एका संघाच्या ११ खेळाडूंची निराळी माला काढली. तशीच एक शिकागोच्या दोन संघांची. पण स्थानिक कार्डांचा खरा बहर पाहावयाचा तर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर जावे लागते.

त्या काळी बड्या संघटनांचे सोळा संघ होते, आणि त्यांतला सर्वांत पश्चिमेकडचा सेंट लुइस शहरात. त्याच्या पलीकडे अर्धा देश पसरलेला, पण तेथे बड्या संघांपैकी एकही नाही. सॅन फ्रान्सिस्को व लॉस अँजेलिस या शहरांत बडे संघ आले ते थेट १९५८ साली. तोपर्यंत तेथील लोकांनी आपली तहान भागविली ती १९०३ मध्ये स्थापन झालेल्या पॅसिफिक कोस्ट लीग या स्वतःच्या संघटनेवर. हवा सौम्य, म्हणून खेळाचा हंगाम लांब. एकेका संघाचे वर्षाला दोनशेच्या घरात सामने होत. पूर्वेकडची वर्तमानपत्रे या संघांना दुय्यम लेखीत, आणि पूर्वेचे मिठाईवालेही त्यांची चित्रे काढीत नसत. तेव्हा ते काम तेथल्याच मिठाईवाल्यांनी अंगावर घेतले. लॉस अँजेलिसच्या बिशप कंपनीने १९१० व १९११ मध्ये तीस-तीस खेळाडूंच्या माला काढल्या. आणि १९११ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन्स-मॅकार्थी कंपनीने आपल्या ‘झी-नट’ नावाच्या खाऊबरोबर चित्रे देण्यास आरंभ केला.

झी-नट हा क्रॅकर जॅकच्याच जातीचा, पाक दिलेला खाऊ. त्याची चित्रे १९११ पासून १९३८ पर्यंत, म्हणजे सलग अठ्ठावीस वर्षे निघत राहिली. मधल्या काळात एक महायुद्ध झाले, महामंदी आली, कंपनीचे नाव बदलले. पण दर हंगामाला नवी चित्रे येतच राहिली. इतके सातत्य त्या काळी दुसऱ्या कोणत्याही बेसबॉल मालेला साधले नाही. चित्रे साधी, छायाचित्रावरून छापलेली. मैदानावर उभा असलेला एखादा खेळाडू, खाली त्याचे व गावाचे नाव, एवढाच मजकूर. या खेळाडूंपैकी थोडे पुढे फार मोठे झाले. कोळ्याचा मुलगा जो डिमाजिओ सॅन फ्रान्सिस्कोच्या सील्स संघाकडून खेळत असे. १९३३ मध्ये त्याने सलग ६१ सामन्यांत यशस्वी फटके मारण्याचा विक्रम केला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच्या त्या वर्षीच्या झी-नट कार्डावर आडनावाचे स्पेलिंगसुद्धा चुकलेले आहे. पुढे न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचा लाडका झालेला हा पुरुष त्या वेळी छापखान्याच्या जुळाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हता, हे त्या एका चुकीवरून कळते.

पण डिमाजिओचे चित्र झी-नटने काढले नसते तरी तो इतिहासात राहिलाच असता. जे राहिले नसते त्यांची गोष्ट महत्त्वाची. झी-नटच्या चित्रांत असे कितीतरी जण आहेत की जे एखादा हंगाम खेळले आणि मग कारखान्यात, शेतात, बोटींवर आपापल्या कामाला लागले. त्यांच्या हयातीत निघालेले त्यांचे एकुलते एक छापील चित्र म्हणजे बहुधा हे कार्ड. त्यांपैकी एकाची कथा मी जरा विस्ताराने सांगतो.

त्या माणसाचे नाव जिमी क्लॅक्स्टन. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातील वेलिंग्टन या गावी १८९२ मध्ये जन्मलेला, वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे वाढलेला हा डावखुरा पिचर. त्याच्या आईचे घराणे गोऱ्यांचे. वडिलांकडून त्याच्यात कृष्णवर्णीयांचे व मूळ अमेरिकन जमातीचे रक्त आले होते. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्या काळी कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. याबद्दल कोठे लेखी नियम दाखविता आला नसता, पण सगळे मालक तो मुकाट्याने पाळीत. मूळ अमेरिकन जमातीच्या खेळाडूला मात्र प्रवेश मिळे. सन १९१६ च्या मे महिन्यात क्लॅक्स्टनची ओकलंड संघाशी ओळख करून देण्यात आली ती अशाच एका जमातीतील तरुण म्हणून. त्याला संघात घेतले. रविवार, २८ मे १९१६ रोजी लॉस अँजेलिसविरुद्ध त्या दिवशीच्या दोन्ही सामन्यांत त्याने चेंडू टाकले. सारे मिळून अडीच डावसुद्धा भरले नाहीत. त्यानंतर आठवडा पुरा होण्याच्या आत त्याला संघातून काढून टाकण्यात आले. आपल्या वंशाची बातमी एका परिचितानेच संघाच्या कानावर घातली, असे क्लॅक्स्टनने पुढे सांगितले.

इतक्या अल्प काळात मैदानावर येऊन गेलेल्या माणसाची आठवण कोण ठेवणार? परंतु योगायोग असा, की नेमक्या त्याच दिवसांत झी-नट कंपनीचा छायाचित्रकार ओकलंड संघाची चित्रे घेण्यासाठी आला होता. त्याने रांगेतल्या प्रत्येकाचे चित्र घेतले, त्यात क्लॅक्स्टनचेही घेतले. संघाने माणूस काढून टाकला, पण चित्र छापखान्यात जाऊन पोचले होते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील मुलांच्या खाऊच्या पुड्यांतून जिमी क्लॅक्स्टन घरोघरी गेला. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डावर छापला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तो हाच, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिन संघातून बड्या संघटनेच्या मैदानावर पाऊल टाकले ते १५ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे तब्बल एकतीस वर्षांनी. क्लॅक्स्टन १९७० पर्यंत जगला. आपल्यासमोर ते दार उघडलेले त्याने पाहिले. त्याच्या कार्डाच्या मोजक्याच प्रती आज उरल्या असून त्यांना फार मोठी किंमत येते. पण त्या कार्डाचे खरे मोल ती रक्कम सांगत नाही. ज्या व्यवस्थेने त्याला आठवड्याच्या आत पुसून टाकले, तिच्याविरुद्ध हे एक लहानसे कार्ड आजही साक्ष देत उभे आहे.

श्रोतेहो, या कार्डांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चढाओढीतून जन्मलेल्या वस्तूला चढाओढीचे दोष चिकटणारच. झी-नटच्या कार्डाच्या तळाशी १९१३ पासून एक कुपन छापलेले असे. ते कापून पाठविले की बक्षीस मिळे. त्यामुळे मुलांनी कार्डांचे पाय सर्रास कापले, आणि आज कुपनासह सापडणारे कार्ड दुर्मिळ झाले आहे. कुपनावर मुदतीची तारीख असल्यामुळे त्यावरूनच कार्डाचे साल ठरविता येते. कुपन गेले की तो पुरावाही जातो. याहून वाईट प्रकार म्हणजे मुद्दाम दडवून ठेवलेली कार्डे. माँट्रियलच्या मेपल क्रिस्पेट कंपनीने १९२३ मध्ये तीस चित्रे जमविणाऱ्यास बक्षीस लावले, आणि त्यांतले केसी स्टेंगल या खेळाडूचे चित्र जवळजवळ छापलेच नाही. बोस्टनच्या यू. एस. कॅरमेलने १९३२ मध्ये बत्तीस चित्रांच्या मालेत हीच युक्ती योजिली. लिंडस्ट्रॉम या खेळाडूचे सोळावे चित्र पुड्यांत जवळपास आलेच नाही, आणि ते खरोखर अस्तित्वात होते याचा पुरावा मिळायला अर्धे शतक लोटले. मुले एका चित्रासाठी पुड्यांमागून पुड्या विकत घेत राहिली. वर्गात रोज मुलांच्या डोळ्यांतली अपेक्षा पाहणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला ही फसवणूक लहान वाटत नाही. मुलांचा कुतूहलभाव हे भांडवल आहे. ते कोणी कशासाठी वापरावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

ही हजारो चित्रे, शेकडो मिठाईवाले, कित्येकांवर साल नाही, काहींवर तर कंपनीचे नावही नाही. या अरण्यात वाट पाडली ती जेफरसन बर्डिक या एका साध्या माणसाने. सन १९०० मध्ये जन्मलेला हा गृहस्थ न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरी विजेच्या सामानाच्या कारखान्यात कामगार होता. लग्न केले नाही. सांधेदुखीने शरीर हळूहळू आखडत चाललेले. फावल्या वेळात त्याने छापील कार्डे जमविली आणि, जमविण्याहून अवघड असे, ती लावली. त्याची पहिली सूची १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना त्याने ‘एन’ हे अक्षर दिले, विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’. सुमारे १९३० पूर्वीच्या मिठाईच्या कार्डांना ‘ई’, त्यानंतरच्यांना ‘आर’. अक्षरापुढे मालेचा क्रमांक. अमेरिकन कॅरमेलची १९०९ ची माला म्हणजे ‘ई ९०-१’, पिट्सबर्गची ‘ई ९०-२’. जगातले संग्राहक आजही याच क्रमांकांनी बोलतात.

बर्डिकने आपला संग्रह विकला नाही. सन १९४७ पासून तो त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देण्यास आरंभ केला. तीन लाखांहून अधिक कागद ते! ते योग्य क्रमाने वह्यांत चिकटविण्यासाठी शेवटी त्याने नोकरी सोडली आणि तो न्यूयॉर्कला जाऊन राहिला. बोटे वाकडी झालेली, पण संग्रहालयातील एका टेबलाशी बसून तो रोज चिकटविण्याचे काम करी. दिनांक १० जानेवारी १९६३ रोजी ते काम संपले, आणि १३ मार्च रोजी बर्डिक हे जग सोडून गेला. रॅफेल व ड्यूरर यांची रेखाटने ज्या संग्रहालयात आहेत, त्याच छपराखाली मिठाईच्या पुडीतली चित्रे आज सन्मानाने नांदत आहेत.

बर्डिकनंतर या छंदात पैशाचा पूर आला. ओहायो राज्यातील डिफायन्स गावी २०१२ मध्ये एका जुन्या घराचा माळा आवरताना वारसांना काजळीने माखलेली एक पुठ्ठ्याची पेटी सापडली. आत १९१० च्या मिठाईच्या मालेची, बर्डिकच्या सूचीत ‘ई ९८’ म्हणून नोंदलेली, सुमारे सातशे कार्डे जशीच्या तशी होती. आजोबांचे मटणाचे दुकान होते. त्यांना ती बहुधा गिऱ्हाइकांना वाटण्यासाठी मिळाली असावीत आणि तशीच राहून गेली. त्यांतल्या निवडक सदतीस कार्डांनाच लिलावात पाच लाख डॉलरांवर किंमत आली. वारसांनी सारी कार्डे आपसांत सारखी वाटून घेतली, ही त्या बातमीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. परंतु पैशाबरोबर लबाडीही आली. नकली कार्डे निघाली, जुन्यांच्या कडा कापून ती कोरी भासविण्यात आली. सिगारेटच्या पाकिटातल्या वॅग्नरच्या सर्वांत नावाजलेल्या प्रतीच्याच कडा कापलेल्या होत्या, अशी कबुली २०१३ मध्ये न्यायालयात द्यावी लागली. म्हणून जाणता संग्राहक आज सांगतो, की डाग पुसू नका, कडा नीट करू नका, आणि वस्तू कोठे, कोणाकडे सापडली ते लिहून ठेवा. इतिहासाच्या प्रत्येक साधनाला हाच नियम लागू आहे.

हे सारे दूरच्या मुलखाचे झाले. आपल्याकडेही काड्यापेट्यांवरचे छाप जमविणारी मुले पिढ्यान् पिढ्या होऊन गेली. १९८० नंतरच्या दशकात बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी झुंबड उडालेली माझ्या पिढीने पाहिली आहे. पॅसिफिक किनाऱ्याचे ते लोक आणि आपण यांच्यात मला एक साम्य दिसते. मोठी केंद्रे दूर, त्यांचे लक्ष आपल्याकडे क्वचित. इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पुढे संस्थाने गेली आणि तो संघही मावळला. त्याच्या नामवंत खेळाडूंची नावे पुस्तकांत आहेत. पण बडोद्याच्या आखाड्यातले मल्ल, बेळगावच्या फडातल्या कुस्त्या, ग्वाल्हेर-हैदराबादच्या मराठी मंडळांची नाटके, गोव्यातील गावोगावचे सामने यांची नोंद कोठे आहे? ती असलीच तर एखाद्या हस्तपत्रिकेत, सामन्याच्या तिकिटात, दुकानदाराने वाटलेल्या दिनदर्शिकेच्या मागे असेल. त्यांतही कोणी एखादा क्लॅक्स्टन असू शकेल, ज्याचे नाव मोठ्या ग्रंथांनी घेतले नाही.

दिवाळीत माळा आवरताना असा कागद हाती आला, तर तो रद्दीत टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, त्याच्या मागे पेन्सिलीने साल, गाव आणि ओळखता येतील त्या माणसांची नावे लिहावीत, आणि तो गावातल्या वाचनालयाच्या स्वाधीन करावा. जिमी क्लॅक्स्टनची साक्ष आज आपल्यापर्यंत पोचली, ती कॅलिफोर्नियातल्या कोणा एका मुलाने खाऊ संपल्यावर ते कार्ड फेकून दिले नाही म्हणून.